शिळ्यावर ताजं

सून : पिंपसुद्धा?

मुलगा : पिंपसुद्धा. आडवं केलंय. तळाशी तांब्याभर राहिलं होतं, तेवढं वाचवलं मी.

सून : आणि हंडा? कळशी?

मुलगा : पालथी घातलीयेत. घासून, पुसून, ओळीने. चकचकीत आहेत अगदी.

सून : अहो, कालच तर आलं होतं पाणी! आता पुढच्या आठवड्याशिवाय नळाला थेंब नाही. तुम्ही काय करत होतात?

मुलगा : झोपलो होतो. पहाटे माणसं झोपतात.

सून : मी नाही झोपत. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला की मला झोपेतसुद्धा कळतं. आजच कसा डोळा लागला कोण जाणे.

मुलगा : काल दिवसभर भरत होतीस, दमलीस म्हणून लागला.

सून : छान. मी भरून दमले आणि त्या ओतून मोकळ्या झाल्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

मुलगा : आईला कुत्रं म्हणतेस?

सून : मी स्वतःला आंधळं म्हणतेय, तेवढंच ऐका. इस्त्रीचा ढीग पडलाय बाहेर. आज लोक कपडे न्यायला येतील. शिंपडायला पाणी कुठून आणू? थुंकू त्यावर?

आई : उठलात का रे? पाणी यायची वेळ झाली. भांडी तयार आहेत माझी.

मुलगा : आई, पाणी काल येऊन गेलं. आता आठवड्याने येणार.

आई : आठवड्याने? नळ काय जावई आहे का, वाट बघायला लावून यायला? रोज येतो तो.

मुलगा : यायचा. आता नाही येत.

सून : आई, ते भरून ठेवलेलं पाणी होतं. चांगलं होतं.

आई : शिळं होतं. वास येत होता त्याला.

सून : कालचं होतं हो.

आई : अगं, मग कालचं म्हणजेच शिळं. शिळ्यावर ताजं भरू नये, सगळंच शिळं होतं. या घरात आलीस तेव्हाच सांगितलं होतं तुला.

सून : सांगितलं होतंत. शिळं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, हेही सांगितलं होतंत.

आई : मोरीत कोण ओतेल, बाई? झाडांना घातलं मी.

मुलगा : झाडं कुठे आहेत आता, आई?

सून : होती की. अख्ख्या गल्लीतली झाडं पाण्यावाचून वाळली, आपली तेवढी कुजून मेली. हंडे ओतून ओतून. शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे पाणी फार येतं का हो?

आई : तू चहा टाक बघू. सकाळी सकाळी तोंड चालवू नये.

सून : कशात टाकू? नुसत्या दुधात?

आई : नळ आला की टाक. मी जरा टेकते. पाणी आलं की हाक मारा.

मुलगा : मारतो हाक. जा तू.

सून : कशाला खोटं बोलता त्यांच्याशी?

मुलगा : खरं बोलून काय उजेड पडला? आणि हे बघ, अकराला गाडी सांगितलीये.

सून : आज?

मुलगा : आजचंच ठरलं होतं. छापखान्यात सुट्टी टाकलीये मी. विसरलीस?

सून : विसरले नव्हते. वाटलं, तुम्ही विसराल.

मुलगा : आज नेलं नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देतील. वृद्धाश्रम असला तरी रांगा आहेत तिथेही.

सून : पुन्हा एकदा कुलूप लावून बघू या ना.

मुलगा : लावलं होतं ना? पिंपाला झाकण, झाकणाला कुलूप. काय झालं? घरात पाणी नाही म्हणून कळशी घेऊन बाहेर पडली. मोठा रस्ता ओलांडून गेली. गाड्या कशा थांबल्या ते त्यांनाच ठाऊक.

सून : मोबाईलच्या दुकानात सापडल्या.

मुलगा : तिथे पूर्वी नळकोंडाळं होतं. गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभी होती, कळशी कमरेवर घेऊन. दुकानदार म्हणाला, आजी, तुमचा नंबर यायचाय अजून. चांगला होता म्हणून.

सून : उघडं ठेवलं तर ओततात, बंद ठेवलं तर शोधायला जातात. इकडे आड, तिकडे विहीर.

मुलगा : दोन्हीपैकी एक जरी असतं ना, तर ही वेळ आली नसती.

सून : हसू नका.

मुलगा : हसत नाहीये.

सून : मी काय कमी केलं हो? फ्लशच्या टाकीत बाटली भरून ठेवली. नळांना जाळ्या बसवल्या. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळते, ते पाणी संडासाला. कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे भिजवते. आंघोळ घमेल्यात उभं राहून, आणि घमेल्यातल्या पाण्याने फरशी. तुमची पॅन्ट चार-चार वेळा घालायला लावली. थेंब थेंब जमवला, आणि त्या एका पहाटेत…

मुलगा : मला माहिती आहे.

सून : तुम्हाला माहिती नाही. हे सगळं मला शिकवलं कोणी? त्यांनीच. माझ्या माहेरी विहीर होती. मला वाटायचं, पाणी सांडायलाच असतं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी नळ सोडून दात घासत होते. त्या आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नळ बंद केला आणि माझ्या हातात तांब्या दिला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. अशी बाई हो ती. आणि तिलाच आपण पाण्यापायी घराबाहेर काढतोय.

मुलगा : या घरात एक तर पाणी राहील, नाहीतर त्या. कोण म्हणालं होतं?

सून : रागात म्हणाले मी. रागात माणूस मर म्हणतं. म्हणून कोणी लाकडं आणायला धावतं का?

मुलगा : मी तुझ्यावर ढकलत नाहीये. तू म्हणाली नसतीस तर मीच म्हणालो असतो. तुझ्या आधी तोंडाशी आलं होतं माझ्या, फक्त तू पटकन बोललीस.

सून : मग आता मी नको म्हणते.

मुलगा : मग उद्या पहाटे काय करशील? तिच्या उशाशी बसशील? इस्त्री कधी करशील, झोपशील कधी? आपण दिवसभर ओरडतो तिच्यावर. ती बघत राहते आपल्याकडे. तिच्या मते तिने घरचं काम केलंय, आणि आपण तिला चोरासारखं धरतो. तिथे बोअरला भरपूर पाणी आहे. चोवीस तास नळ. ओतू दे हवं तेवढं. कोणी ओरडणार नाही तिच्यावर.

सून : तिथल्या लोकांना काय, ना देणं ना घेणं.

मुलगा : तेच म्हणतोय मी. ज्याला तहान नाही तोच ओरडणार नाही.

सून : त्यांना आंघोळ घालते मग. अशाच नाही पाठवायच्या.

मुलगा : कशाने घालणार? तांब्याभर तर आहे.

सून : वरच्या मजल्यावर मागते अर्धी बादली. देतील. नाही दिली तर पाया पडेन, त्यात काय.

आई : आज काय आहे गं? सकाळी सकाळी डोक्यावरून पाणी? कोणाच्या लग्नाला निघालोय का?

सून : बाहेर जायचंय तुम्हाला. ह्यांच्याबरोबर.

आई : पाण्याच्या वेळेला घर सोडून? नळ आला तर भरणार कोण?

सून : मी आहे ना.

आई : तू? तू शिळ्यावर भरतेस. मी बोलत नाही, पण मला दिसतं सगळं.

सून : नाही भरणार.

आई : आधी ओतायचं. भांडं पालथं घालायचं, हात फिरवायचा आतून. मग भरायचं.

सून : हो. पाय घमेल्यात ठेवा, आई.

आई : घमेलं घेतलंस का? शहाणी आहेस. मला वाटलं होतं, विहिरीवरची मुलगी, हिला काय जमणार. हे पाणी फेकू नकोस हं. फरशीला घे.

सून : घेते.

आई : रडतेस कशाला मग? डोळ्यातलं असं फुकट घालवू नये. पाठ चोळ नीट.

मुलगा : गाडी आली खाली. झालं का?

आई : कळशी कुठे माझी?

मुलगा : कळशी कशाला, आई?

आई : रिकाम्या हाताने कोणी पाण्याला जातं का रे?

मुलगा : घे. घे कळशी.

(बऱ्याच दिवसांनी, पुन्हा पाण्याच्या दिवशी. तेच स्वयंपाकघर.)

मुलगा : नळ फुरफुरायला लागला बघ. पिंप सरकव इकडे.

सून : सरकत नाही. भरलेलं आहे.

मुलगा : अजून?

सून : अर्ध्याच्या वर आहे. हंड्याला तर हातही लागला नाही.

मुलगा : म्हणजे पुरलं की! उरलंसुद्धा.

सून : हो. उरलं.

मुलगा : काल छापखान्यातून तिकडे जाऊन आलो.

सून : मला बोलला नाहीत. काय करतात?

मुलगा : काही नाही.

सून : काही नाही म्हणजे?

मुलगा : काहीच करत नाही. पलंगावर बसलेली असते. तिथल्या बाई म्हणाल्या, सुरुवातीला पहाटे उठून नळ सोडून बघायच्या. केव्हाही सोडला तरी पाणी. मग उठायचंच सोडलं त्यांनी. मी विचारलं, आई, उठत का नाहीस? तर म्हणाली, इथे नळ जातच नाही रे. उठून करू काय?

सून : जेवतात?

मुलगा : भरवलं तर.

सून : आणि कळशी?

मुलगा : पलंगाखाली. पालथी घातलेली.

सून : घेऊन येऊ या त्यांना. आजच जाऊ.

मुलगा : आणू. मग? कुलूप लावायचं की उघडं ठेवायचं?

सून : तुम्ही सांगा.

मुलगा : मला सुचलं असतं तर नेलीच नसती.

सून : काहीतरी असेल हो. माणसं करतातच ना काहीतरी.

मुलगा : तू सांग. तू सांगशील ते करतो. आत्ता निघतो, चप्पल घालून.

सून : …धार लागली नळाला. जाईल परत.

मुलगा : मग आता हे पिंप? वरूनच सोडतो पाईप. भरेल वरपर्यंत.

सून : थांबा. नका सोडू. वास येतोय त्याला.

मुलगा : मला नाही येत.

सून : मलाही कधी येत नव्हता. शिळ्यावर ताजं नाही भरायचं.

मुलगा : मग हे कुठे घालू? कुंड्यांत?

सून : कुंड्यांत काय आहे? फरशी पुसून झाली, संडासाची बादली भरलेली आहे. मोरीत ओता.

मुलगा : खरंच ओतू? एवढं सगळं?

सून : ओता. पण हळू. आवाज करू नका.

मुलगा : अगं, घरात आता झोपलंय कोण?