तळघरातला आठवा ठोका

...नाही, मला एक सांगा, स्टोनर मेटल प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये धरायचं का नाही धरायचं, हा काय एखाद्या संसारी माणसापुढे उभा राहायचा प्रश्न आहे? माझं चष्म्याचं दुकान आहे हो. दिवसभर मी लोकांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम चढवतो, काच बदलतो आणि विचारतो, "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" आणि समोरचा माणूस तोंड वाकडं करून, मान तिरकी करून, भरपूर वेळ घेऊन काय सांगतो? "दोन्ही सारखंच वाटतंय." दिवसभर हेच. परत काच बदला, परत दोन्ही सारखंच. माणूस पिचतो हो. म्हणून रविवारी दुपारी मी एका तळघरात जातो, बेस गिटार गळ्यात अडकवतो आणि एकच सूर इतका खालचा, इतका मोठ्यांदा वाजवतो की आठवडाभराचे सगळ्यांचे नंबर डोक्यातून धुऊन निघतात. रक्तदाबाची गोळी मी घेतो, नाही असं नाही, पण माझं खरं औषध ते तळघर. घरी वाजवायची सोय नाही, मुलीचा अभ्यास असतो, साधं खोकलो तरी "बाबा, प्लीज" येतं आतून. तर ते तळघरच जायची वेळ आली होती. कशावरून? तर आम्हाला प्रोग्रेसिव्हमध्ये धरायचं का नाही, यावरून.

आमचा बँड तिघांचा. बेस मी. गिटारवर माझा मेव्हणा, तो एरवी एसी दुरुस्त करतो आणि कुठल्याही प्रश्नाला आधी "हो" म्हणतो, प्रश्न नंतर ऐकतो. आणि ड्रमवर दंतवैद्य. आमच्या गल्लीतलाच, हात अतिशय हलका, पण काठ्या हातात आल्या की गेल्या जन्मीचं वैर असल्यासारखा मारतो. आता स्टोनर या नावावर जाऊ नका. सासूबाई नावावर गेल्या होत्या. "जावईबापू, स्टोनर म्हणजे ते ओढणारे लोक ना?" म्हटलं, अहो सासूबाई, आमचा दंतवैद्य संध्याकाळनंतर चहासुद्धा घेत नाही, झोप उडते म्हणून. मी ओढतो ते फक्त दुकानाचं शटर. स्टोनर मेटल म्हणजे काय, तर तारा सैल सोडायच्या, आवाज वाढवायचा, चार सुरांचा, आठ ठोक्यांचा एक तुकडा घ्यायचा आणि तो वाजवायचा. मग परत वाजवायचा. सावकाश. म्हैस पाण्यात उतरते ना, त्या बेताने. डोळे मिटायचे आणि वाजवत राहायचं. आणि आमच्यात एकच नियम आहे, तो पहिल्या दिवसापासून पाळलाय... कोणी चुकलं तर थांबायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्यासारखंच चुकायचं. कारण एकदा थांबलो की गाण्यात कुठे होतो ते तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही. सगळीकडे सारखंच असतं ना ते.

आता तळघराचे मालक. त्यांना सगळे काका म्हणतात. पुलांचे आराखडे काढण्यात जन्म गेला, आता निवृत्त, आणि घरात भिंतभर रेकॉर्डी. सगळ्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या. दुसरं संगीत त्यांना संगीतच वाटत नाही. जागा बघायला गेलो तेव्हाच त्यांनी बोट वर करून सांगितलं, "माझ्या तळघरात फक्त प्रोग्रेसिव्ह रॉक वाजेल. तुम्ही काय वाजवता?" मी तोंड उघडेपर्यंत मेव्हणा म्हणाला, "हो हो काका, तेच." झालं. आधीचे दोन बँड त्यांनी याच कारणावरून हाकलले होते, हे नंतर कळलं. पण काका दर रविवारी बहिणीकडे जेवायला जात. संध्याकाळी येत, तोवर आम्ही आवरलेलं असे. सुखाने चाललं होतं हो. मग काकांचं आणि बहिणीचं भांडण झालं. कशावरून? ती म्हणाली, "तुझं ते संगीत म्हणजे नुसता गोंगाट." काका ताटावरून उठून घरी आले... आणि जमिनीखाली आम्ही.

आधी वरून आणि मग जिन्यात उभे राहून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग खाली आले, हातात वाचायचा चष्मा, मीच करून दिलेला, आणि म्हणाले, "मी वर जेवण गरम केलं, जेवलो, भांडी घासली, तुम्ही अजून तिथंच? प्रोग्रेसिव्ह गाणं कसं पाहिजे, घरातून निघालं पाहिजे, नदी ओलांडली पाहिजे, कुठेतरी पोचलं पाहिजे. तुमचं गाणं चप्पलसुद्धा घालत नाही." मेव्हणा म्हणाला, "हो काका." मी मध्ये पडलो. म्हटलं, काका, असं नसतं, आमचीपण गाणी लांबलचक असतात, तुमचीपण असतात, तुमच्यातपण बराच वेळ कोणी गात नाही, आमच्यातपण कोणी गात नाही, मग धरायला काय हरकत आहे? तर म्हणाले, "लांब असणं आणि लांबवणं यात फरक आहे. पुढच्या रविवारी एकदा शेवटचं ऐकतो. आठ ठोक्यांच्या पुढेमागे काही जमतंय का बघा. नाही तर किल्ली द्या."

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. एका बाईंना मी जवळच्या नंबराऐवजी लांबचा चष्मा दिला. त्या घरी जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "यातून फक्त शेजारीण दिसते." बायको म्हणाली, "अहो, एवढं काय, दुसरी जागा बघा." कुठे बघू? भिंती थरथरल्या तरी चालेल असं कोण म्हणतं? दंतवैद्याने पुस्तकातून साताचे, पाचाचे ठोके काढून आणले, जमले नाहीत. आठ जातच नव्हते अंगातून. मेव्हण्याला विचारलं जमेल का, तो म्हणाला हो. म्हणजे नाही.

रविवार उजाडला. काका खुर्ची टाकून बसले, हाताची घडी. आम्ही डोळे मिटले आणि दुसरं काय येत होतं, तेच सुरू केलं. आणि मी माझा तो सगळ्यात खालचा सूर लावला. जरा जास्तच लावला, जीव तुटत होता ना. तर काय झालं, वरचं छत हादरलं, गिलाव्याची धूळ निघाली आणि बरोबर दंतवैद्याच्या डोक्यावर पडली. तो शिंकला. शिंकला तसा एक ठोका खाल्ला. आठाचे सात झाले. आता नियम काय? कोणी चुकलं तर तसंच चुकायचं. आम्ही दोघेही साताला येऊन मिळालो. पुढच्या फेरीत माझा तोच सूर, तेच छत, तीच धूळ, तीच शिंक. परत सात. तुम्हाला सांगतो, घड्याळ लावल्यासारखा शिंकत होता तो माणूस. मी एक डोळा किलकिला करून बघितलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंडावर पांढरी पावडर, पण हात थांबला नाही. मला वाटलं, आता मेलो. गाणं संपलं, डोळे उघडले तर काका उभे. आणि काकांचे डोळे भरलेले.

"सात," म्हणाले. "नदी ओलांडलीत रे पोरांनो." आता यातला धाकटा पोरगा म्हणजे मेव्हणा, त्याला टक्कल आहे. म्हटलं, आता धरायचं ना आम्हाला काका? म्हणाले, "धरलं." मला खरंच रडू आलं हो. माणसाला एक जागा लागते.

इथे संपायला पाहिजे होतं की नाही? पण काका खूश झाले आणि खूश होऊन त्यांनी काय करावं, तर त्याच आठवड्यात गवंडी बोलावून छताला नवा गिलावा करून घेतला. आमच्यासाठी, प्रेमाने. वर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन येतो, तोवर मीपण कानात कापूस घालून बसतो. तिला ऐकवायचंय. ती मान्य करेल, मग आमचं बोलणं सुरू होईल." म्हणजे आता आमच्या तळघराबरोबर म्हाताऱ्या भावंडांचं नातंपण माझ्याच गळ्यात. आणि धूळ बंद. धूळ नाही तर शिंक नाही, शिंक नाही तर परत आठ. मग काय, महिनाभर घासलं. दंतवैद्य दातांत ड्रिल फिरवताना तोंडाने सात मोजायचा, पेशंट घाबरून आपले दात मोजायचे. मी नंबर तपासताना पायाने सात. पण बसले. शेवटी बसले, धुळीशिवाय, शिंकेशिवाय, स्वच्छ सात.

बहीण आली. खमकी बाई, पर्स मांडीवर. आम्ही वाजवलं, आणि सांगतो, आयुष्यात इतकं बरोबर आम्ही कधी वाजवलं नव्हतं. एक ठोका इकडेतिकडे नाही. डोळे उघडले. काकांचा चेहरा पडलेला.

"आज ते नाही जमलं," म्हणाले.

म्हटलं, काका, सात होते. मोजून सात होते.

"सात असतील. पण ते मधलं कुठे गेलं? ते मध्ये यायचं बघा, फेरी संपता संपता... हाक्छी करून. कसलं वाद्य होतं ते? त्याच्यामुळे तर गाणं पुढे जात होतं."

आम्ही दोघांनी दंतवैद्याच्या नाकाकडे बघितलं. मेव्हणासुद्धा हो म्हणाला नाही. मी बहिणीकडे वळलो, म्हटलं, ताई, तुम्ही सांगा, तुमच्या भावाच्या रेकॉर्डी ऐकल्यात, आता हे ऐकलंत, काय फरक वाटतो? ताईंनी तोंड वाकडं केलं, मान तिरकी केली, भरपूर वेळ घेतला आणि म्हणाल्या, "दोन्ही सारखंच वाटतंय." आणि काकांकडे बघून हसल्या, काकापण हसले, आणि दोघं वर चहा प्यायला गेले. मिटलं भांडण. जिन्यातून काका ओरडले, "रविवारी ते वाद्य घेऊन या मात्र. नाही तर किल्ली."

तर जागा राहिली. दर रविवारी मी दुकानातून काचा पुसायचा मऊ ब्रश घेऊन जातो, आणि आठवा ठोका आला की बेस एका हाताने सांभाळत तो दंतवैद्याच्या नाकाखाली फिरवतो. शिकलेला माणूस आहे तो, दाराबाहेर पाटी आहे त्याची. बिचारा शिंकतो. वरून काकांची दाद येते. तेव्हा स्टोनर मेटल प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये धरायचं का, असं तुम्हाला कोणी विचारलंच तर खुशाल सांगा, धरायचं. पण शिंकेसकट.