खांब्याच्या आठवणीतला बाक

(कॉलेजच्या कॅन्टीनमागे, भिंतीलगतचा सिमेंटचा बाक. आत सभागृहात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा.)

घाई : थांब, आधी तुला एक चिमटा काढू दे.

खांब्या : तो स्वतःला काढायचा असतो.

घाई : काढून झाला. दोनदा! अगं बाई! सरक, बसू दे. खांब्या, अरे, तू मेला होतास रे!

खांब्या : इथे तसंच कोरलंय खरं. ‘लाडका मित्र खांब्या याच्या आठवणीत.’ अक्षर झकास आहे.

घाई : मेल्या, हसतोस काय! देवा, काय बोलले मी हे…

खांब्या : चालेल. या बाकावर तेच शोभतं.

घाई : आणि तिकडे आत आपल्या तिघांतला मास्तर तुझ्यासाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करणार आहे! पण तुला कळलं कसं या बाकाचं?

खांब्या : मुलीकडून. पहिल्या वर्षाला आहे इथे, रोज इथेच बसून डबा खाते. परवा घरी येऊन म्हणते, बाबा, तुमच्यासारखाच एक खांब्या होता आमच्या कॉलेजात, बिचारा तरुणपणीच गेला.

घाई : आई गं!

खांब्या : एक विचारू? खरं नाव का नाही घातलंत?

घाई : …आठवलं नाही. कुणालाच. एका कपातला चहा आपण तिघं प्यायचो. परीक्षेच्या आदल्या दिवशी व्यायामशाळेच्या गच्चीवर पत्ते कुटायचो. कॅन्टीनवाले काका फडकं घेऊन मागे लागले की तू एका ढांगेत ही भिंत पार, आणि आम्ही दोघं सापडायचो. ते सगळं आठवलं रे. नाव तेवढं नाही.

खांब्या : तुझं मला पाठ आहे. मास्तरचंही.

घाई : मार, अजून मार. पण मास्तरने स्वतःच्या डोळ्यांनी स्कूटर बघितली होती! चौकात, पार चेचलेली. हिरवी, मागे तू रंगवलेलं घुबड. ती काय दुसऱ्या कुणाची होती?

खांब्या : माझीच होती.

घाई : मग?

खांब्या : त्या दिवशी धाकटा घेऊन गेला होता.

घाई : धाकटा म्हणजे… शिट्ट्या वाजवत आपल्या मागे मागे फिरायचा, तो?

खांब्या : तोच. एकोणिसावं लागलं होतं नुकतं.

घाई : नाही, नाही… आणि आम्ही इथे तुझ्या नावाने ऊर बडवत होतो! मला आठ दिवस घास उतरला नाही. मास्तर या भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडला. खोटं नाही सांगत.

खांब्या : रडला असाल. मी कुठे नाही म्हणतोय?

घाई : मग तू का नाही आलास? एकदा तरी?

खांब्या : मी तुमची वाट बघत होतो. आईला सांगायचो, माझे दोस्त येतील बघ, आज येतील. ती दाराकडे तोंड करून बसायची. नंतर आम्ही ते घरच सोडलं. मला वाटलं, माझा भाऊ गेला तरी एकालाही यावंसं वाटलं नाही. मग तुमचा नादच सोडला, कॉलेजचाही.

घाई : धीर होत नव्हता रे! तुझ्या आईसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? रोज ठरवायचो, उद्या जाऊ. एकदा मी आणि मास्तर तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. तिथूनच मागे फिरलो.

खांब्या : कोपऱ्यापर्यंत? औषधाच्या दुकानापाशी?

घाई : हो.

खांब्या : तिथून आमचं दार दिसतं.

घाई : दिसत होतं. बंद होतं.

खांब्या : वाजवायचं होतं, घाई. मीच उघडलं असतं.