झडपेवरचं वजन

नाही, चूक त्याची नव्हती—कितीदा सांगू साहेब? तुम्ही खाणमालकांचे कारकून, तुम्हाला लिहून न्यायचंय की कथबर्ट रोवेलनं आपल्या हातानं इंजिनाचा बॉयलर फोडला आणि त्यातच मेला—म्हणजे त्याच्या बायकोला, इझाबेलला, तीन लेकरांसकट शनिवारी घराबाहेर काढायला तुम्ही मोकळे. घर खाणीचं ना! मी शेजारीण, मला विचारा. घोडे होते तेव्हा टाइन नदीच्या धक्क्यापर्यंत कोळशाच्या चार वाघिणी जायच्या, कुणाचं काही अडलं नाही. मग दातेरी चाकांचं इंजिन आणलंत, त्याला आठ जोडल्या. मग हे गुळगुळीत चाकांचं—लोक म्हणाले रुळावरून घसरेल, नाही घसरलं—तर लगेच सोळा! इंजिनं नवी नवी येतात, पण चढ देवानं केला तोच आहे की. चढावर बॉयलरच्या झडपेतून जादा वाफ फुसफुसत निघून गेली की गाडी उभी, आणि उभी राहिली की ड्रायव्हरची रवानगी पुन्हा तबेल्यात, शेण काढायला. मग वाफ आतच राहावी म्हणून झडपेच्या दांडीवर वजन ठेवत नाही असा एक तरी दाखवा—तुमचा मुकादम बघतो आणि पाठ फिरवतो. पण कथबर्टनं नाही हं. त्यानं काहीसुद्धा ठेवलं नव्हतं, बायबलवर हात ठेवून सांगते—काय? वीट? कोण म्हणतं वीट होती? डोकं आहे का त्याला? वीट हादऱ्यानं दोन मिनिटांत खाली पडते, तो स्वतः म्हणाला मला, मावशी, विटा टिकत नाहीत, दोरीनं बांधता येईल असं मुठीचं काहीतरी द्या, म्हणून तर मी माझी इस्त्री—

हे लिहू नका.

नाही, लिहा. लिहा! मार्था थर्लवेलची इस्त्री, सात पौंडांची, तिनं आपण होऊन दिली, वर म्हणाली, संध्याकाळी परत आण रे, रविवारचे कपडे व्हायचेत. मला काय ठाऊक, वाफ कोंडली की काय होतं? तुम्हाला ठाऊक होतं ना? मग सोळा कशाला जोडल्या? घर काढून घ्यायचं तर माझं घ्या, मी एकटी, कुठंही पडेन—

हळू. मधली भिंत नुसत्या फळ्यांची आहे. पलीकडे इझाबेल पाळणा हलवत होती, मघापासून करकर येत होती.

थांबली.

उठा साहेब. जा तुम्ही आता.