न बोललेला नवस

महांतेश : आई, न्हाव्याला फोन करून सांग, सोमवारी येऊ नको म्हणून.

दानम्मा : कावून? त्याच्या घरी सुतक पडलंय का?

महांतेश : सुतक न्हाई. विरूचं जावळच करायचं न्हाई.

दानम्मा : भांग पिऊन आलास का रे? चाळीस माणसाला आवतन गेलंय, कपिलधारला जायला दोन जीपा ठरल्यात. सातवं लागेस्तोवर नातवाचे केस राखायचे, पोरीवानी नटवायचं, मग केस देवाला द्यायचे. नवस तुमीच बोललात ना? देवाशी चालढकल करू नये, बाबा.

रोहिणी : आत्याबाई, नवस बोललोच नव्हतो आम्ही.

दानम्मा : आँ?

रोहिणी : मीच खोटं सांगितलं. तुम्हाला, गल्लीला, सगळ्यांना. ह्यांनी नुसती मान हलवली.

दानम्मा : अगं बया! देवाच्या नावानं खोटं? जीभ कशी झडली न्हाई तुझी?

महांतेश : एकटीला नको बोलू. मलाबी बोल.

दानम्मा : तुला पायताणानं बोलते, थांब! तीन वर्षं मी सोमवार धरलेत, येड्यांनो. गुडघे धरले, चक्कर आली, तरी सोडले न्हाईत. कशापायी? पोराचा नवस सुखानं फिटावा म्हणून!

रोहिणी : माहीत आहे. दर सोमवारी बघतच होते मी.

दानम्मा : मग तोंड कावून उघडलं न्हाईस?

रोहिणी : उघडलं असतं तर तुम्ही त्याचं परकर-पोलकं काढून घेतलं असतं. माहेरी, पालीला गेलो तेव्हा माझ्या भावानं त्याचे केस कापले होते, आठवतं?

दानम्मा : न आठवायला काय झालं? त्याच्यानंतरच अकरा दिवस तापानं फणफणला होता पोरगा.

महांतेश : ताप न्हवता, आई. तुला तसं सांगितलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसायचा. आरशाकडं बघंना. साडेतीन वर्षांचं लेकरू, धड जेवंना का बोलंना. हिनं थोरल्या पोरीचा, ईश्वरीचा जुना फ्रॉक घातला त्याला, तवा कुठं भाकर मागितली.

रोहिणी : फ्रॉक घालून दारात गेला की पोरं हसायची. एक दिवस नळावर वत्सलाबाईनं विचारलं, हे काय सोंग काढलंय? माझ्या तोंडून निघून गेलं, नवस हाय. अन् तीच बाई त्याच्या पाया पडली! तिथून पुढं कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

दानम्मा : अन् उद्या मिसरूड फुटल्यावर? टाळ्या वाजवत दुकानं मागत फिरायला लावायचं का माझ्या नातवाला?

महांतेश : दुकानं कावून मागंल? आपलंच दुकान देईन की चालवायला.

दानम्मा : मस्करी नको करूस.

महांतेश : मस्करी न्हाई. मोठेपणी तो काय व्हईल, मला काय म्हाईत? शाळेत पँट-शर्ट घालतो, घरी आल्यावर परकर. बाईंना भेटून आलोय मी, वेणीला कुणी हात लावत न्हाई. हितं माझ्या घरात तर लावूच देणार न्हाई. सोमवारी वस्तरा निघाला तर मी आडवा पडंन. मग चन्नप्पाकाका असू दे, न्हाईतर तू.

दानम्मा : माजलगावात तोंड दाखवायला जागा ठेवता का न्हाई? बरं, असं करू. नवस वाढवला म्हणा. बारावं लागेस्तोवर. मी सांगते लोकाला.

रोहिणी : नको.

दानम्मा : आता काय झालं? खोटं तर तूच सुरू केलंस.

रोहिणी : म्हणूनच नको. तेव्हा त्याला कळत नव्हतं, आता सगळं ऐकतो. परवा मला विचारलं, "मम्मी, नवस फिटला की मला बदलून दुसरा विरू आणणार का?"

दानम्मा : असं म्हनला?

रोहिणी : असंच. तीन वर्षं तुम्ही त्याला गजरे आणलेत, कानात डूल घातलेत, दृष्ट काढलीत...

दानम्मा : देवाचं काम समजून केलं गं मी.

रोहिणी : त्याला वाटलं, आजीला मी आवडतो.

(दानम्मा मोबाइल उचलते.)

महांतेश : कुणाला लावतीस? चन्नप्पाकाकाला? दे हिकडं, मी बोलतो.

दानम्मा : गप बस. तुझ्यावर वरडतो तो. थोरल्या वहिनीवर वरडायची टाप न्हाई त्याची... हॅलो, चन्नप्पा? मी बोलतेय. सोमवारी जेवायला या सगळे. हितंच, घरी. पुरण घालतेय... न्हाई, कपिलधारला जायचं न्हाई. जावळ न्हाई... नवस? नवस न्हवताच कसला... आरं, कावून म्हंजे? पोराला केस पायजेत.