माझ्या रोबोचं तापट डोकं

...आणि वर मलाच विचारतो, "आजी, एवढं डोकं कशाला हवंय?" म्हटलं, "तुला मिळालं नाही म्हणून मीही घ्यायचं नाही का रे?" तो बोर्ड विकणारा दुकानदार हो! तळहाताएवढा हिरवा बोर्ड, त्यावर शर्टाच्या गुंडीएवढी काळी चिप, तेच रोबोचं डोकं! दुकानदार म्हणतो, "हा धाकटा न्या, थंड राहतो." थंड राहणारच, काही करतच नाही ना, माझ्या थोरल्या दिरासारखा! मला हवा होता थोरला बोर्ड, कॅमेऱ्यातून माणूस ओळखणारा. "तो तापतो हो फार." तापू दे की! डोकं आहे म्हटल्यावर तापणारच!

तुम्हाला सांगते, हौस म्हणून नाही केला हा उद्योग. माझ्या लेकानं धोशा लावला होता, "आई, तू एकटी राहतेस, पडलीस-बिडलीस तर? दिवसभर सोबतीला बाई ठेवतो." बाई! माझ्याच घरात बसून मी चहात साखर किती घालते ते बघायला! मागून सूनबाई, "आई, तुमच्याच भल्यासाठी हो..." हे 'भलं' आलं की मी आधी दाराला कडी घालते! म्हटलं, लाव पैज. रोबो करते. मी जमिनीवर आडवी दिसले रे दिसले की तुझ्या फोनवर निरोप. रविवारी येऊन बघ, चालला तर बाई नाही. "आणि नाही चालला तर?" "तर खुशाल आण तुझी बाई!" बसले ना बोलून...

पण मी काय अशीतशी? जन्मभर लोकांचे कपडे शिवले, शिलाई मशीन बिघडलं तर स्वतः खोललं, आणि म्हातारपणी व्हिडिओ बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. चाकं लावली, कॅमेरा लावला, बोर्ड बसवला. आता उघडानागडा कसा फिरवायचा? शिवणारीचा रोबो तो! अस्तर लावून झकास जाकीट शिवलं, गळ्यापर्यंत बटणं. सुरू केला... दोन खोल्या फिरला, रेंगाळला आणि भिंतीकडे तोंड करून ठप्प! हात लावते तर चटका! शेजारीण डोकावली, "अगं, जाकीट काढ त्याचं, गुदमरलाय तो." ही मला शिकवणार! हिच्या रिमोटचे सेल मी बदलून देते! म्हटलं, जाकिटाचं काही नाही, डोकं आहे म्हटल्यावर तापणारच!

गेले परत दुकानात. दुकानदार गालातल्या गालात हसला, "सांगितलं होतं ना आजी?" चिपची उष्णता ओढून घ्यायला तिच्यावर बसवायचा ॲल्युमिनियमचा दातेरी तुकडा दिला, वर चिमुकला पंखा. घरी येऊन बसवला, जाकीट घातलं, बटणं लावली. पंख्यानं काय करावं? आतलं अस्तर ओढून घेतलं! घर्रर्र... खट्! मग काखेत जाळी शिवली, पाठीला चुण्या सोडल्या, पण जाकीट उतरवायचं? छे! एवढ्या मेहनतीचं शिवण काढायचं?

उजाडला रविवार. लेक निघालाय, आणि हा पठ्ठ्या पलंगाखाली जाऊन तापून बसलेला! काय करणार... काढली बटणं निमूटपणे. जमिनीवर पालथी पडले, पुठ्ठ्यानं वारा घातला, फुंकर मारली, "ऊठ रे राजा, घालवू नकोस माझी लाज!" आणि तुम्हाला सांगते, उठला हो! कॅमेरा वळला, माझ्याकडे टक लावून बघितलं. मला असं भरून आलं! आणि मेल्यानं पाठवला ना निरोप... 'आई पडली'!

अगं बाई! झटकन उठायला जाते, तर गुडघा म्हणतो, आज नाही. तशीच पडून राहिले. लेक धापा टाकत आत, मागे सूनबाई, तिच्यामागे शेजारीण. "अरे, पडले नाही, वारा घालतेय!" "मग ऊठ बघू." दोघांनी धरून उठवलं. लेक म्हणतो, "आई, पैज तू जिंकलीस. रोबो एक नंबर! बाई उद्यापासून येईल."

आली बाई. बरी आहे, साखरेचं काही बोलत नाही. परवा दुपारी तिनं चटईवर जरा अंग टाकलं, तर रोबोनं बघितलं, आणि गेला निरोप, 'आई पडली'! लेक कामावरून धावत घरी. मी काही दुरुस्त नाही करायची हो त्याला... एरवी रविवारशिवाय कुठला यायला तो!