पहिली श्रद्धांजली

दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलेल्या मंजुषाला ऐकायचं नव्हतं, पण बाजूच्या बाकावरची मुलगी आपल्या आजोबांवर अशी भडकली होती की ऐकावंच लागलं.

"नाना, रजत जिवंत आहे! सकाळी बॉर्डरवरून त्याचा फोन आला."

"अगं, शहीद जवानांची लिस्ट आली होती. नाव, फोटो, एकदम पक्की खबर होती."

"ती लिस्ट अतिरेक्यांनी बनवली, फोटो त्याच्याच फेसबुकवरून उचलून! एक फोन करून विचारायचं तरी!"

"कॉलनीत कोणी गेलं की ग्रुपवर पहिली श्रद्धांजली माझीच असते, संहिता."

"हो ना, पहिला नंबर लागायलाच हवा! त्याच ग्रुपवर त्याची आई पण आहे, याचं भान होतं? वाचलं आणि जागीच कोसळली. आत आयसीयूत आहे ती."

"मी डिलीट केलं ना लगेच."

"काय डिलीट केलं? त्या अतिरेक्यांचं चॅनल बघा जरा. आर्मीने लिस्ट खोटी आहे सांगितलं, तर त्यांनी पुरावा लावलाय."

"कसला पुरावा?"

"तुमच्या श्रद्धांजलीचा स्क्रीनशॉट. खाली तुमचं नाव आणि 'निवृत्त मुख्याध्यापक, इंदूर'."