हरवलेल्या तासांची साक्ष

भाचीच्या पत्राला काय उत्तर द्यावं, हे मामांना सुचलंच नव्हतं. ‘मधले तास हरवतात, मामा. घरचे म्हणतात, नाटक करते,’ असं तिनं लिहिलं होतं. जन्मभर पुस्तकांत बुडालेल्या त्या भिडस्त माणसाला एक ओळ जमेना.

आज डोळे दाखवायला ते दवाखान्यात बसले होते. मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून दोघी नणंद-भावजया बाहेर आल्या आणि मामांच्या मागच्या बाकावर टेकल्या.

“वन्सं, ऐकलंत ना? नाटक नाही, मनाचा आजार आहे.”

“ऐकलं. बहिरी नाही मी.”

“आधीच्या डॉक्टरांनी माझ्या मेंदूचा आलेख काढला, फिट नाही म्हणाले आणि हात झटकले. ह्या बाईंनी विचारलं, घेतल्याचं आठवत नाही अशा वस्तू घरात सापडतात का? स्वतःला लांबून बघितल्यासारखं वाटतं का?”

“मग आधीच आपणहून सांगायचंस.”

“तुम्हीच पहिल्यांदा वेडी म्हटलं असतंत.”

“म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?”

“पण मधे तुम्हाला एकटीलाच आत का बोलावलं?”

“तू हरवतेस तेव्हा कशी दिसतेस, ते विचारायला. मी सांगितलं, हिचे डोळे उघडे असतात, पण हाक पोचत नाही. मग भानावर येते आणि विचारते, दूध कुणी तापवलं? तिनंच तापवलेलं असतं.”

“एवढं बघत होतात?”

“बघत होते. तुझं सोंग पकडायला.”

“म्हणजे त्यावरच त्यांचं निदान पक्कं झालं. बरी होशील म्हणाल्या.”

“होशीलच. आता घरात कुणी नाटक म्हणू दे, गाठ माझ्याशी आहे.”

मामांचं नाव पुकारलं गेलं, तोवर ते पोस्टात पोचले होते. ‘तुझं बोलणं मला खरं वाटतं. राहायला येतो. मग डॉक्टरांकडे दोघं जाऊ,’ असं लिहून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.